खर्ड्याच्या रानाचा रंग

गुरु. ३ जुलै
रंगाचं आजचं तिसरं मिश्रण. पांढरा गम एक वाटी, डिस्टेंपर तीन वाट्या, पिवळं स्टेनर, पाणी अंदाजानं. देखाव्यातल्या पश्चिमेच्या टेकडीवर मारलं. दुपारी बरं दिसलं. संध्याकाळी हॉलमधल्या ट्यूब लावल्या आणि टेकडी चकाकायला लागली, अंगाला तेल चोपडल्यासारखी.
देवस्थानचे अध्यक्ष आण्णा मागे येऊन उभे होते, कळलं नाही. म्हणाले, "पेंटर, लढाई खर्ड्याला झाली का तेलाच्या घाण्यावर?" सगळे हसले. मीही हसलो.
चौदा फूट बाय नऊ फुटांचं टेबल. खर्ड्याची लढाई, टेकड्या, ओढा, किल्ला, सहाशे सैनिक. देवळाच्या नव्या हॉलात कायमची मांडायची, गोकुळाष्टमीला उघडायची. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवायला कोणी बोलवत नाही. एवढं मोठं काम यापूर्वी मिळालं नव्हतं. पुढे मिळेल असंही नाही.

शनि. ५ जुलै
गम वाढवला की चकाकी आणि तडे. कमी केला की वाळल्यावर हात फिरवला तरी बोटाला रंग येतो. दोन्हीच्या मधलं काही सापडत नाही.
शमुवेल कोपऱ्यात बसून साच्यातून सैनिक काढतो. आज साठ काढले. तो ख्रिस्ती वस्तीतला सुतार, मी पेंटर. चित्ररथ, गणपतीचे देखावे, सगळं बरोबर केलं, बावीस वर्षं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, पण मला बुवा म्हणतो, गळ्यात माळ आहे म्हणून. मी त्याला दादा म्हणतो.
त्यानं एक सैनिक झुडपाआड परसाकडे बसवलाय. म्हणाला, "एवढ्या मोठ्या लढाईत एकाला तरी लागलीच आसंल की, बुवा." हसू आवरेना. आण्णांना दिसायच्या आत काढायला सांगितला. काढला नाही, झुडूप मोठं केलं.
आण्णा जाताना म्हणाले, आठ दिवसांत रान दिसलं पाहिजे, न्हाईतर नगरचा माणूस आणतो.

रवि. ६ जुलै, एकादशी
उपवास. सकाळचा पाठ झाला, मन मात्र टेकडीवर.
दुपारी शमुवेलच्या दारात गेलो. विचारलं, दादा, तुझ्या वडिलांच्या काळी रंग कशात कालवायचे? म्हणाला, सरसात. सरस रात्री भिजवायचा, सकाळी पाण्यावर ठेवून पातळ करायचा, कोमट असतानाच पिवडी, गेरू, काजळी मिसळायची. चकाकी अजिबात नाही. माती ती माती दिसते.
तोच पुढे म्हणाला, "पन तुमच्या ह्या कामात नको, बुवा. हाडाकातड्याचा आसतो त्यो. देवाचा हॉल हाय, तुमच्या गळ्यात माळ हाय."
मला माहीत नव्हतं असं नाही.

मंगळ. ८ जुलै
नगरला जाऊन आलो. हिला सांगितलं, ब्रश आणायचेत. ब्रशही आणले.
बाजारात तिसऱ्या दुकानात मिळाला. तपकिरी वड्या, गुळाच्या खड्यांसारख्या. दुकानदारानं माळेकडे पाहिलं आणि न विचारता दोन पिशव्या एकात एक घातल्या. एस.टी.त पिशवी पायाशी ठेवली, मांडीवर नाही.

गुरु. १० जुलै
शमुवेल सकाळी म्हणाला, मी नको म्हनलं हुतं. मी म्हणालो, दादा, एवढं एकच काम. यात मी पडलो तर नगरचा माणूस येईल, मग तुझेही सैनिक जातील. बऱ्याच वेळानं त्यानं चूल पेटवली.
हॉलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डब्यात सरस, डबा पातेल्यातल्या पाण्यात. तो ढवळत होता, मी चार हात लांब उभा राहून प्रमाण सांगत होतो. पिवडी तीन, गेरू एक, काजळी चिमूटभर. मी डब्याला हात लावला नाही. रंग तयार झाल्यावर त्याचं भांडं मी घेतलं, त्यात लांब दांड्याचा ब्रश होता. रंगात मिसळल्यावर तो रंगच. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच पाठाला बसलो.
ही सोय माझी मीच लावली. कोणाला विचारली नाही.

शुक्र. ११ जुलै
आज टेकडी पाहिली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते आमचंच रान होतं. चैत्रातलं, नांगरून टाकलेलं, ढेकळाची एक बाजू पांढुरकी आणि दुसरी तांबूस. तीस वर्षं ब्रश धरला, असा रंग हातून उतरला नव्हता.
आण्णा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "पेंटर, आरं हितं पेरनी करावी वाटती मला." माझ्या पाठीवर थाप मारली. शमुवेलकडे बघून म्हणाले, "आन तुला निजामाचे लोक झ्याक जमत्यात रं शमुवेल. घरचंच काम!" सगळे हसले. शमुवेलनं हातातला सैनिक फुंकून साफ केला आणि खाली ठेवला.
मी माझ्या टेकडीकडे बघत होतो.

शनि. १९ जुलै
रोज एक डबा शिजतो. पूर्वेचा उतार झाला, ओढ्याचा काठ झाला. ओढ्याच्या पाण्याला मात्र पांढरा गमच, निळ्या-हिरव्या रंगात, एकावर एक पाच हात. तिथे चकाकी हवीच.
झाडांना भुसा रंगवून चिकटवला. लाइटचं काम करायला येणारा इलेक्ट्रिशियन बंडू शेडमध्ये डोकावून म्हणाला, "शमुकाका, कसला रस्सा हाय?" शमुवेल म्हणाला, "रंगाचा. खातो का?"
बंडूनं पाहिलं ते एवढंच. शमुवेल ढवळताना. मी तेव्हा हॉलमध्ये होतो.

सोम. २८ जुलै
चार दिवस भुरभुर. हॉल बंद होता. आज उघडला तर वास.
आधी मला वाटलं माझ्याच नाकात आहे. मग खजिनदार तात्या आले. तात्यांची माळ चाळीस वर्षांची, कांदासुद्धा वर्ज्य. दारातच थबकले. "काय मेलंय का हितं?"
सगळ्यांनी मिळून उंदीर शोधला. टेबलाखाली, पडद्यामागे, स्पीकरच्या खोक्यात. मीही शोधला. गुडघ्यांवर बसून, बॅटरी घेऊन, मीही उंदीर शोधला.

बुध. ३० जुलै
धूप, कापूर, खिडक्या उघड्या. ऊन पडलं की वास जातो, ढग आले की परत येतो. शमुवेलला म्हणालो, यावर काही उपाय? म्हणाला, मोरचूद घालतात थोडा, कुजू नये म्हणून, आधी. आता नाही.
"आधी का सांगितलं नाहीस?"
"आदी सांगितलं हुतं, करू नका म्हून."

शनि. २ ऑगस्ट
उजेडात आलं. लिहितो तसंच जसं झालं.
सकाळी तात्यांनी शेड उघडायला लावली. डबा सापडला, तळाशी जेलीसारखं थरथरणारं. जामखेडहून दरवाजे बसवायला आलेला म्हातारा सुतार होता, त्यानं बोटावर घेऊन सांगितलं, सरस आहे, जनावराच्या हाडाचा. तात्या तिथेच खाली बसले. गेले तीन आठवडे ते रोज त्या टेबलाच्या कडेला टेकून जप करत होते.
अर्ध्या तासात वीस-पंचवीस माणसं जमली. आण्णांनी विचारलं, कोणी शिजवलं हे?
बंडू म्हणाला, "शमुकाकाच ढवळीत हुते. म्या डोळ्यानं पायलंय. रस्सा हाय का म्हनलं तर मला म्हनले, खातो का!"
कोणीतरी शिवी दिली. आण्णा माझ्याकडे वळले. "पेंटर, तुमाला ठाव हुतं का?"
मी म्हणालो, "रंगाचं माझ्याकडे होतं आण्णा. गोंदाचं त्याच्याकडे."
हेच शब्द. यात खोटं एकही नाही. रात्रभर जागून कोणी रचले असते तरी इतके बेतशीर रचता आले नसते.
शमुवेलनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आण्णांना म्हणाला, "व्हय. मीच ढवळलं."

सोम. ४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
ठरलं असं, की ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. सगळं, एकट्यानं, भरल्या हॉलात. लोक दर्शनाला येतील त्यांनी बघायचं.
गरम पाण्याचं फडकं दाबलं की सरस सुटतो. फडकं, खरडणं, बादली. शमुवेल सकाळी आठला बसला. आधी सहाशे सैनिक उपटले, मग पश्चिमेची टेकडी. माझी ती टेकडी चिखल होऊन त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होती.
बाया हात जोडून देवाकडे जायच्या, परतताना नाकाला पदर. एकीनं पोराला सांगितलं, "बग, ह्यो त्यो." आण्णा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "नखानं काड, नखानं. हाडाकातड्याचं काम तुला कुनी शिकवाया नको."
दुपारी त्यानं पाणी मागितलं. नेहमी बाटली घरून आणतो, आज आणू दिली नव्हती. तात्यांच्या नातवानं प्लास्टिकच्या ग्लासात लांबून ओतलं, निम्मं सांडलं. नंतर ग्लास काठीनं ढकलून बाहेर टाकला.
मला काम दिलं होतं कुठे रंग राहिलाय ते दाखवायचं. मी दाखवत होतो. "इथे थोडा आहे, दादा. इथे कडेला."
पाच वाजता त्याचा अंगठा फाटला. रक्त आलं तर आण्णा म्हणाले, टेबलावर सांडू नको.

मंगळ. ५ ऑगस्ट, एकादशी
पाठाला बसलो आणि उठलो. पुन्हा बसलो. ओळी तोंडपाठ आहेत, जीभ आपोआप चालते, म्हणून पूर्ण झाला.
ही फराळाचं ताट ठेवताना म्हणाली, "अहो, ती पिशवी धुतली मी. नगरहून आणलेली. दोनदा धुतली."
ती कधी धुतली, आणि वासावरून काय ओळखलंस, हे मी विचारलं नाही. भगर कोमट होती, खाल्ली.

शुक्र. ८ ऑगस्ट
शमुवेलची सून मार्था गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सात वर्षं शिजवते. नवरा पुण्याला टेम्पोवर, घर तिच्यावरच चालतं.
काल चार आया शाळेत गेल्या. म्हणाल्या, सासऱ्यानं देवाच्या हॉलात हाडं शिजवली, सून खिचडीत काय टाकत असेल? मास्तर म्हणाले, बाई सात वर्षांत कधी तक्रार नाही. एकजण म्हणाली, तेव्हा कळलं नसेल. पोरांनी आज डबे घरून नेले. पातेलं भरलेलं राहिलं. दुपारी मार्थाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका, वातावरण निवळेपर्यंत.
हे मला पानाच्या टपरीवर कळलं. सांगणारा हसत होता. "पेंटर, तुमी तर वाचला थोडक्यात! माळ बाटली आसती की तुमची."

रवि. १० ऑगस्ट
शमुवेलकडे गेलो. अंगणात बाभळीचा ओंडका ताशीत होता. अंगठ्याला चिंधी. मार्था आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, सांगून टाकू का मी?"
तो ताशीतच राहिला. "इचारायला आला का सांगायला?"
"मी म्हणजे… तू म्हणशील तसं."
"म्हंजी ते बी माज्याच हातानं ढवळायचं."
म्हणालो, माफ कर. त्यानं तासणी खाली ठेवली. पहिल्यांदाच नीट बघितलं माझ्याकडे.
"न्हाई करायचो. केलं तर तुमी आज रातीला झोपताल, बुवा. उद्या सकाळी पाठाला बसताल. माज्या सुनंला कुनी झोपू दिलंय का?"
मी म्हणालो, मग तूच का नाही सांगत सगळ्यांना? तुझं तोंड कोणी धरलंय?
"माजं कोन ऐकनार? आन ऐकलं आसतं तरी न्हाई सांगितलं. ते तुमचं हाय. तुमीच संबाळा."
उठलो तेव्हा मार्था चहा घेऊन दारात आली. तो तिला म्हणाला, "बुवा आपल्यात चा घेत न्हाईत." बावीस वर्षं मी त्याच्याकडे चहा घेतलाय. ती कप घेऊन आत गेली.

सोम. ११ ऑगस्ट
रान पुन्हा रंगवायचं आहे. चार दिवस उरलेत. साफ केलेलं टेबल सोललेल्या जनावरासारखं दिसतं, पोत्याचं कापड, जाळी, प्लास्टर.
आज गमात खडूची पावडर घातली. एक वाटी गम, दोन वाट्या पाणी, डिस्टेंपर, खडू मूठभर, त्यावर ओलं असतानाच चाळलेली रानातली माती भुरभुरवली. वाळल्यावर जास्तीची झटकली.
चकाकी नाही. तडा नाही. बोटाला रंग नाही.
एवढंच होतं. खडूची पावडर माझ्याच पेटीत होती. जुलैत आणखी चार दिवस धीर धरला असता तर.
आण्णा म्हणाले, "बगा, शुद्ध हातानं केलं की कसं हुतं."

मंगळ. १२ ऑगस्ट
आण्णांनी कागद पुढे केला. टाइप केलेला. सरस शमुवेलनं मला न कळवता वापरला, मला याची कल्पना नव्हती, मी देवस्थानकडे दिलगिरी व्यक्त करतो. दप्तरी ठेवायला. हॉलची शुद्धी उद्या, त्याआधी सही हवी.
मी म्हणालो, वाचून देतो. म्हणाले, वाचायचं काय त्यात, चार तर वळी हायत.
सही केली. पेन आण्णांचं होतं. तात्यांनी शेजारी बसून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. या सगळ्यात त्यांनाच खरं लागलंय, असं वाटलं. आणि त्यांना तरी खरं कळायला हवं, असंही. तेवढ्यात आण्णांनी कागद घडी करून खिशात घातला.

बुध. १३ ऑगस्ट
संध्याकाळी मार्था घरी आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.
"काका, तुमी एक शब्द टाका ना आण्णांकडं. तुमचं ऐकत्यात ते. मामांची चूक झाली आसंल, म्हातारपनात न्हाई कळलं त्यांना. पन खिचडीचं काय त्यात? तुमच्या पोरीनं बी खाल्लीय माज्या हातची."
तिला माहीत नाही. सासऱ्यानं घरातसुद्धा सांगितलेलं नाही. तिला वाटतं, त्याचीच चूक.
ती म्हणाली, "मी भांडले मामांशी. लई बोलले. तुमी आमाला रस्त्यावर आनलं म्हनलं. ते नुसते ऐकून घेत्यात."
ही माझ्या मागे दारात उभी होती. मी म्हणालो, बघतो. मार्थानं हात जोडले. मला. गेली.
ही आत जाताना म्हणाली, "काय बघणार आहात?" आवाज चढवून नाही. भाजी निवडताना विचारतात तसं.

गुरु. १४ ऑगस्ट
ठरवून गेलो. आण्णा एकटेच होते हॉलमध्ये, सैनिक मांडून झालेले बघत होते. मी म्हणालो, आण्णा, तो कागद परत द्या. सरस मी आणला होता. शमुवेल नको म्हणाला होता.
वाटलं होतं ओरडतील. हात उगारतील. ते एका घोडेस्वाराचं तोंड सरळ करत राहिले.
"ठाव हाय मला."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
"नगरच्या यष्टीत माजा मेहुना हुता तुमच्या मागं. दुकानात बी पायलं त्यानं. दोन तारखंच्या आदीच कळलं हुतं मला."
"मग त्या दिवशी मला विचारलंत का?"
"बगावं म्हनलं, काय सांगताय." हसले. "लई ब्येस सांगितलंत. मला बी सुचलं नसतं."
मी म्हणालो, त्याच्या सुनेचं काम गेलं. म्हणाले, "पेंटर, जरा डोस्कं चालवा. बाटवणारा त्यांच्यातला निघाला तर हॉल धुता येतो. आपल्यातला निघाला, माळकरी निघाला, तर काय काय धुवायचं? तात्या जिवंत ऱ्हातील का? आन गावात उद्या कुनाच्या माळंवर कोन इस्वास ठिवील? आपलंच नाक आपन कापायचं व्हय?"
मी म्हणालो, मग मी सगळ्यांसमोर सांगतो.
"सांगा की. उद्या तुमचा सत्कार हाय. शाल, नारळ. माईक तुमच्याच हातात यील, दोन शब्द बोला म्हनीन मी. तवा सांगा. कागद दप्तरात हायेच तुमच्या सहीचा. तुमीच तुमाला खोटं पाडा." मग घोडेस्वाराकडे बोट करून म्हणाले, "पन ह्ये रान झ्याक झालंय हां. सरसाच्या वरताण."
बाहेर आलो. चपला सापडेनात. पायातच होत्या. हॉलमध्ये मी त्या घालूनच गेलो होतो.

शुक्र. १५ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
सकाळी शाळेत झेंडा. मी गेलो नाही. उपवास आहे, घशाखाली पाणीसुद्धा नाही. पाठ केला नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा. चुकला नाही, केला नाही.
दुपारी चारला कोरा कागद घेऊन बसलो. माईकवर बोलायचं ते लिहून न्यावं म्हणजे ऐनवेळी जीभ दुसरीकडे वळणार नाही. लिहिलं, सरस मी आणला. पुढे लिहिलं, कारण. तिथे अडलो. कारण आण्णांची घाई होती, कारण नगरचा माणूस, कारण गमाला तडे. सगळी कारणं खरी आहेत. दोन तारखेचं वाक्यही खरंच होतं. सगळं खोडलं आणि पहिलं वाक्य तेवढं ठेवलं. मग वाटलं, तीन शब्दांसाठी कागद कशाला? फाडला.
ही पांढरा सदरा इस्त्री करून ठेवून गेली. म्हणाली, मार्थाही येणार आहे, बायकांच्या बाजूला मागे उभी राहीन म्हणाली, तिला वाटतं तुम्ही आज तिच्यासाठी शब्द टाकणार. शमुवेलचं विचारलं. तो येणार नाही. घरीच आहे. पण त्याच्या अंगणात लाउडस्पीकरचं सगळं स्पष्ट ऐकू जातं, हे मला माहीत आहे, मीच गेल्या वर्षी ते कर्णे त्या दिशेला लावून दिले होते.
तात्याही असतील. पुढच्या रांगेत, जप करत.
सहा वाजून दहा. भजन थांबलं. आण्णांचा आवाज. आधी देणगीदारांची नावं, मग सरपंच, मग… माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे हभप लावलं. टाळ्या. पुन्हा घेतलं. "कुठं हायत पेंटर? या, वर या."
ही दारात उभी आहे. सदरा घातलाय. वही उघडीच ठेवतो, ते तीन शब्द घेऊन निघतो.